आत्या चिडेनाशी झाली

"परवा मी भाजीत मीठ घातलं नव्हतं. मुद्दाम," वहिनी म्हणाल्या.

घडीच्या खुर्च्या सुतळीनं बांधता बांधता दादांचे हात थांबले. "मुद्दाम? अगं, मी मुकाट्यानं खाल्ली ती!"

"तुम्ही काय, कागद वाढला तरी खाल. ते तुमच्यासाठी नव्हतंच. म्हटलं, वन्सं काय बोलतात बघू. तर वाटी पुसून संपवली आणि म्हणाल्या, 'वहिनी, छान झाली होती हं भाजी.' छान! अहो, या बाईनं जन्मात माझ्या भाजीला छान म्हटलेलं नाही. तेव्हापासून मला चैन नाही."

"वय झालं तिचं. माणूस निवळतं."

"तुमची बहीण? निवळते?" वहिनींनी कपाळावर हात मारला.

त्यांचं काही चुकत नव्हतं. दादांच्या या मधल्या बहिणीला लहानपणापासून घरात 'कात्री' म्हणायचे. पुढे ती पडदे शिवायला लागली तेव्हा हातातही कात्री आली, पण नाव पडलं होतं ते जिभेमुळे. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती याच तीन खोल्यांत राहायला आली. चार महिने राहिली आणि एक दिवस वहिनींशी अशी भांडली की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला आली. त्या दिवशी आपटलेलं पातेलं अजून वापरात आहे, एका बाजूनं चेपलेलं. "मरेन, पण पुन्हा तुझ्या घरात राहायला येणार नाही," असं वहिनींना तोंडावर सांगून आत्यानं चौथ्या मजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. मग वर्षातून पाच-सहा वेळा यायची, सगळ्यांना बोलून घ्यायची आणि स्वतःच्या घरी जायची. घराला त्याची सवय झाली होती.

आणि अशी ही बाई गेले आठ महिने नुसती गोड वागत होती. अर्धा महिना दादांकडे, अर्धा महिना धाकट्या बहिणीकडे. खांद्याला स्वतः शिवलेली जाड कापडाची निळी पिशवी. "आले गं दोन दिवस. पडदे लावून जाते," म्हणायची. खिडक्यांना पडदे झाले, कपाटाला झाला, चपलांच्या मांडणीला झाला, शेवटी विजेच्या मीटरलासुद्धा झालरवाला पडदा झाला. सगळे म्हणाले, किती बदलली! लेक चिमी म्हणाली, आत्या देवमाणूस झालीय. एकट्या वहिनींना करमत नव्हतं.

"ते जाऊ दे," दादा म्हणाले. "आज तिची साठी आहे. निघूया वेळेत."

साठीचा नियम त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा. ज्याची साठी, त्याच्याच घरी करायची. बाकीच्यांनी ताटवाट्या, खुर्च्या, खाणंपिणं सगळं घेऊन त्याच्या दारात धडकायचं आणि त्यानं इकडची काडी तिकडे करायची नाही. अण्णांची स्वतःची साठी गोदामाच्या पहारेकऱ्याच्या खोलीत झाली होती, कारण तेव्हा घर तेच होतं. आत्यानं मात्र तीनदा टाळाटाळ केली. खोली लहान आहे, जिना मोडलाय, रंग द्यायचाय. मग दादांनी युक्ती केली. तिला सांगितलं, रविवारी आम्ही सगळे एका लग्नाला चाललोय. "बरं, मग मी घरी जाते," असं अगदी गोड आवाजात म्हणून आत्या सकाळी पिशवी उचलून निघून गेली होती.

"जावईबापू उठले का?" दादांनी विचारलं.

चिमीचा नवरा बेकरीत कामाला. पहाटे जायचा, सकाळी परतायचा आणि चिमी दवाखान्यातल्या कामावर निघाली की तिच्या जागेवर झोपायचा. ती दोघं 'घर मिळेपर्यंत दोन-तीन महिने' म्हणून इथे आली, त्याला आता चार वर्षं होत होती. त्यांची टिकली याच घरात जन्मली. मागच्या खोलीतली गादी दिवसातून दोन पाळ्या करायची आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

"उठलाय," चिमी आतून ओरडली. "केकवर नाव लिहितोय. वाकडं आलंय!"

*

आत्या त्या वेळी पडद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कापड बेतायच्या टेबलावर पाय सोडून बसली होती.

रविवारी दुकान बंद. किल्ली तिच्याकडे असायची, कारण सोमवारी उघडायचं कामही तिचंच. धाकटीकडे जायचं ते उद्यापासून ठरलेलं. म्हणजे आजची रात्र इथेच, अस्तराच्या गठ्ठ्यावर. अशा रात्री याआधीही निघाल्या होत्या. गठ्ठा मऊ होता, तक्रार करायला जागा नव्हती.

खोली जाऊन आठ महिने झाले होते. मालकाला एका बाईऐवजी चार माणसं ठेवायची होती, आणि मालकाच्या जागी ती असती तर तिनंही कदाचित तेच केलं असतं. नवीन खोली बघायला ती बरीच हिंडली. एकट्या बाईला कुणी देत नव्हतं, देत होते ते परवडत नव्हतं. 'आज सांगू, उद्या सांगू' करत एक पंधरवडा दादाकडे गेला, एक धाकटीकडे, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. शिवाय वहिनीला सांगायचं म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचा तो शब्द गिळायचा. त्यापेक्षा मीटरला पडदा शिवणं सोपं होतं.

आणि पाहुण्यानं कसं राहायचं हे ती पक्कं शिकली होती. सगळ्यांच्या आधी उठायचं. अंथरुणाची घडी कुणाला दिसायच्या आत झाली पाहिजे. फ्रिज आपण होऊन उघडायचा नाही. दादाचा तोच तो लिफ्टमध्ये अडकलेल्या साहेबाचा किस्सा आला की पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचं. आणि चिडायचं नाही. काही झालं तरी चिडायचं नाही.

"मिठाशिवायची भाजी," ती टेबलावर बसून मोठ्यानं म्हणाली. "मीठ म्हणून नाही त्यात! आणि मी म्हणते छान! शी!"

रिकाम्या दुकानात बोलून तिला जरा बरं वाटलं. मग एकदम रडूच आलं. साठ वर्षांची झाले, आणि मनासारखं ओरडायलासुद्धा जागा नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं डोळे पुसले आणि फोन वाजला.

*

त्याआधी काय झालं ते सांगायला हवं.

दादा चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांचे गुडघे कुरकुरत होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि सख्खी बहीण राहते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, हे त्यांनी प्रत्येक मजल्यावर एकदा म्हणून घेतलं. मागे खुर्च्या घेऊन चिमी, केक घेऊन जावईबापू, ताटवाट्या घेऊन वहिनी, दोन फुगे घेऊन टिकली. सगळ्यात शेवटी धाकटी. तिचा नवरा सदा फिरतीवर, घर मोठं, हातात फुलांचा गुच्छही मोठा.

"मी एक-दोन-तीन म्हणतो," दादा कुजबुजले. "दार वाजवायचं आणि गायला लागायचं."

या घराण्यात सुरात गाणारं कुणी नाही, पण जोर सगळ्यांकडे आहे. दार उघडलं तरी गाणं थांबलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत सगळे डोळे मिटून गायले. डोळे उघडले तेव्हा दारात बनियन घातलेला, ओल्या केसांचा, पस्तिशीचा एक दणकट माणूस उभा होता.

"फार छान," तो म्हणाला. "पण माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात असतो."

चुकीचं दार, चुकीचा मजला, म्हणून सगळे खिदळले. दादा "माफ करा हं," म्हणून वळलेसुद्धा. तेवढ्यात वहिनींचं लक्ष आत गेलं. खिडकीला राखाडी पडदा होता, दुहेरी शिवणीचा, खालच्या दुमडीत छोटी वजनं घातलेला. असा पडदा शिवणारी बाई त्यांना एकच माहीत होती.

"इथे पडदे शिवणाऱ्या एक बाई राहतात ना?"

"राहायच्या," तो माणूस म्हणाला. "त्या थंडीतच गेल्या. आम्ही चौघं राहतो इथे, हॉटेलात आचारी आहोत. दोघं कामावर, दोघं झोपायला. पडदे काढून न्या म्हटलं, तर म्हणाल्या, राहू दे, खिडकी उघडी बरी दिसत नाही."

"कुठे गेल्या?" दादांनी विचारलं.

"भावाकडे. कायमच्या. भावानं फार हट्टच धरलाय म्हणाल्या. म्हणतो, माझी बहीण असताना एकटी का राहते, मी काय मेलोय? म्हणून नाइलाजानं चालले, म्हणाल्या." आचाऱ्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

दादा खाली बसले. खुर्च्या बांधलेल्याच होत्या. ते त्या गठ्ठ्यावरच बसले. "मी तिचा भाऊ," ते म्हणाले.

धाकटीच्या हातातली फुलं हळूहळू खाली झुकली. माझ्याकडे ताई दर महिन्याला प्रेमानं येते, असं ती मैत्रिणींना कौतुकानं सांगत आली होती. सांगताना तिला कधी वाटलं नाही, की प्रेमानं आलेलं माणूस येताना हिवाळ्याचं पांघरूण कशाला बरोबर आणेल.

"म्हणजे इतके दिवस," चिमी म्हणाली, "आत्या आपल्याकडे येत नव्हती. आपल्याकडे राहत होती."

"स्वयंपाकघरात," वहिनी म्हणाल्या. "फ्रिज आणि ओट्याच्या मधे. माझ्या डोळ्यांदेखत."

"मला वाटलंच होतं," जावईबापू हळूच म्हणाले.

चिमी गर्रकन वळली. "तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका होती. त्या कधी काही विसरत नाहीत." केकचा खोका सांभाळत ते जरा गोंधळले. "ज्याचं घर असतं तो दुसऱ्याकडे काहीतरी विसरून जातो बघ. छत्री, कंगवा, चष्म्याचं घर. आत्यांची एक पिनसुद्धा कधी मागे राहिली नाही. लग्नाआधी तीन वर्षं मी मित्रांकडे असाच राहायचो. सगळं पिशवीत."

"मग बोलला का नाहीस?"

"तेव्हा मला कुणी विचारलं असतं ना, तर मी दुसऱ्या दिवशी तिथून निघून गेलो असतो. मग त्या कुठे गेल्या असत्या?"

चिमीनं फोन काढला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आत्या, कुठे आहेस?"

"कुठे असणार? घरी," आत्याचा आवाज आला. "तुमचं लग्न कसं चाललंय?"

"छान. काय करतेयस?"

"खिडकीत बसलेय. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात, बघत बसलेय."

चिमीनं दारातूनच खिडकीबाहेर पाहिलं. समोर गच्ची होती. चादरी नव्हत्या, एक मांजर होतं. पण तीही आत्याचीच भाची. "वा! मग चहा टाक," ती म्हणाली. "लग्न लवकर आटोपलं. आम्ही सगळे तुझ्याकडेच यायला निघालोय."

पलीकडे बरंच काही पडल्याचा आवाज आला.

"अगं नको! म्हणजे... जिन्याला रंग दिलाय! ओला आहे! खालीच थांबा, मी येते, आपण बाहेर कुठेतरी—" आणि फोन बंद झाला.

"येतेय," चिमी म्हणाली.

"आपण खाली जाऊन उभं राहायचं का?" धाकटीनं विचारलं. "इथे दुसऱ्यांच्या घरात..."

"खाली कशाला?" दादा उठले. त्यांचे डोळे लाल होते, पण आवाजात एकदम जोर आला. "अण्णांनी काय सांगितलंय? ज्याची साठी, त्याच्या घरी. आजचा दिवस हेच तिचं घर." ते आचाऱ्याकडे वळले. "बाबा रे, दोन तास तुमची खोली वापरू दे. केक आहे. तुम्हीही बसा."

"माझा एक जोडीदार झोपलाय," आचारी म्हणाला.

"झोपू दे. आमच्या घरी सवय आहे त्याची."

*

आत्या निळी पिशवी खांद्याला लावून धापा टाकत चौथ्या मजल्यावर आली तेव्हा तिच्या मनात तीन सबबी तयार होत्या. खोलीत कीड झालीय म्हणून औषध मारलंय, ही एक. पण दार सताड उघडं होतं. आत भिंतीला फुगे, मधे घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून घोरणारा एक अनोळखी माणूस, आणि शेगडीशी उभ्या राहून वहिनी दुसऱ्या एका माणसाला चहात किती पत्ती घालायची ते शिकवत होत्या. तो बिचारा हॉटेलातला आचारी मान डोलवत होता.

आत्यानं एकेकाकडे पाहिलं. तिनं पदरानं घाम पुसला आणि गेल्या आठ महिन्यांचं ते गोड हसू चेहऱ्यावर आणलं.

"अय्या, तुम्ही सगळे! किती गं बाई गोड! ही मुलं ना, गरजू आहेत, म्हणून मी त्यांना सध्या इथे..."

"ताई," धाकटी म्हणाली. "कळलंय आम्हाला."

"काय कळलंय?"

"सगळं."

हसू तसंच राहिलं. "तुम्हाला त्रास नको म्हणून नाही सांगितलं," आत्या म्हणाली. "आणि आता उगीच चर्चा नको. मी बघतेय दुसरी खोली. मिळेलच. तुम्ही काळजी करू नका हं. केकसुद्धा आणलात, किती छान!"

"तू माझ्याकडे यायचं," धाकटी म्हणाली. "आज, आत्ता. माझ्याकडे अख्खी खोली रिकामी आहे. त्यात ते चालायचं यंत्र ठेवलंय, देऊन टाकते ते."

"तुझ्याकडे का म्हणून?" दादा उसळले. "मोठा भाऊ मी आहे!"

"दादा, तुझ्याकडे पाच माणसं आहेत. सहावं कुठे ठेवणार, मीटरच्या पडद्यामागे?"

"आम्ही मागची खोली देतो," चिमी म्हणाली. "आम्ही पुढे झोपू."

"आणि आम्ही?" दादांनी विचारलं.

"तुम्ही पाळ्या लावा."

"पाळ्या नकोत," आत्या पटकन म्हणाली, अजून त्याच गोड आवाजात. "कुणाला अडचण नको. मी थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे, चाललंय ना छान. मला काहीही चालतं."

'मला काहीही चालतं' ऐकलं आणि वहिनींनी शेगडी बंद केली. गेले आठ महिने त्यांना जे कळत नव्हतं ते त्यांना त्या वाक्यात कळलं. बाई निवळली नव्हती. बाई घाबरलेली होती. त्यांच्याच घरात, त्यांच्याच ओट्याशेजारी झोपून, ही बाई रोज घाबरत होती की एक शब्द वाकडा गेला तर कुठे जायचं. वहिनींना लाज वाटली आणि मग, त्यांचा स्वभाव तसाच असल्यामुळे, रागही आला.

त्या सरळ निळ्या पिशवीपाशी गेल्या. आत हात घालून आत्याची कात्री काढली; मोठी, जड, काळ्या मुठीची. ही कात्री फक्त कापडाला लागायची. बावीस वर्षं आत्यानं तिनं दुसऱ्या कुणाला साधा दोराही कापू दिला नव्हता, कारण कागदाला लागली की कापडाची कात्री मेलीच समजायची.

"हा खोका फार घट्ट आहे बाई," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी त्या कात्रीनं केकचा जाड पुठ्ठा कराकरा कापायला सुरुवात केली.

आत्याचं हसू गळून पडलं.

"वहिनी!"

अशी किंचाळली की कोपऱ्यातला झोपलेला आचारी ताडकन उठून बसला.

"ठेव ती खाली! पुठ्ठा? माझ्या कात्रीनं पुठ्ठा? अक्कल गहाण टाकलीस का? बावीस वर्षं सांगतेय, बावीस वर्षं, की कापडाची कात्री कागदाला लावायची नाही! आण इकडे! बघ, बघ धार कशी बोथटली! आणि तू काय बघतोस दादा दात काढून? तुझा तो लिफ्टमधला साहेब, एकोणिसाव्यांदा ऐकला मी या महिन्यात! मेला का नाही तो साहेब अजून त्या लिफ्टमध्ये? आणि जावईबापू, हे नाव लिहिलंय की मुंग्या चालल्यात केकवरून? आणि धाकटे, तुझ्याकडे मी येणार नाही! तुझ्या घरात मला खोकायची भीती वाटते, इतकं सगळं पांढरं! आणि चिमे—" इथे तिला दम लागला. "तुझं काही नाही. तू वजन उतरव जरा."

वहिनी खुर्चीत बसल्या, तोंडावर पदर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडत होत्या की हसत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आल्या!" त्या म्हणाल्या. "अहो, आल्या माझ्या वन्सं!"

आणि मग सगळेच. दादा पोट धरून, धाकटी फुलांत तोंड खुपसून, टिकली काही न कळता उड्या मारत. झोपेतून उठलेल्या आचाऱ्यानं आधी घाबरून आणि मग खुशीनं टाळ्या वाजवल्या. आत्या मधोमध कात्री घेऊन उभी. तिला आपण काय केलं ते आत्ता कळलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "चिडले मी."

"चिडलीस," दादा डोळे पुसत म्हणाले.

"आठ महिन्यांत एकदाही चिडले नव्हते." आणि ती मुसमुसायला लागली. "किती वेळा तोंडावर आलं होतं! सगळं गिळलं. वाटायचं, बोलले की जाईल. उशीला डोकं ठेवायला जी जागा आहे तीही जाईल."

वहिनी उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "ऐका वन्सं. धाकटीकडे खोली असेल, पण तिथे भांडायला कोण आहे? तिचा नवरा फिरतीवर, ती गोड गोड बोलणारी. तुम्ही वर्षात वाळून जाल. माझ्याकडे चला. आमच्या बंद गॅलरीत तुमची जागा."

"गॅलरीत?" दादा दचकले. "तिथे माझ्या दुरुस्तीच्या मोटरी आहेत!"

"वीस वर्षं सांगतेय, काढा त्या मोटरी!"

"त्यातल्या चार चालू होऊ शकतात!"

"दादा," आत्या म्हणाली, "असू दे रे. मी शब्द दिला होता वहिनीला. मरेन, पण पुन्हा तुझ्या घरात राहायला येणार नाही म्हणाले होते."

"मला म्हणाला होतात ना? मग तो शब्द माझा झाला," वहिनी म्हणाल्या. "मी टाकून दिला. कधीच."

दादा तिच्यासमोर आले. ते लिफ्टवाले, शब्दांचे कधीच नव्हते. "हा मुलगा म्हणत होता," आचाऱ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "की भावानं फार हट्ट धरलाय. धरला नव्हता गं मी. मला सुचलंच नाही. आता धरतो. कात्रे, मी काय मेलोय? चल घरी."

आत्यानं आचाऱ्याकडे रागानं पाहिलं. "तुला कुणी सांगितलं होतं रे चुगल्या करायला? आणि बनियनवर काय उभा आहेस, घरी माणसं आलीत. शर्ट घाल!"

आचाऱ्यानं धावत जाऊन शर्ट घातला. मग सगळ्यांनी केक खाल्ला. वाकड्या नावाचा तुकडा आत्यानं स्वतःला घेतला.

*

दुपारी चारपर्यंत गॅलरीतून अकरा पंखे, सात मोटरी आणि कशाचे ते दादांनाही न आठवणारे दोन ढीग बाहेर आले. आचाऱ्यांतले दोघं मदतीला आले होते. प्रत्येक मोटर जाताना दादा तिला नावानं निरोप द्यायचे आणि वहिनी दर वेळी "चला, एक गेली," म्हणायच्या. मागे उरलेली जागा एका माणसाला आडवं होता येईल एवढीच होती, पण खिडकी मोठी होती. धाकटीनं आपल्या घरून गादी आणली. पांढरी नव्हती, ते तिनं आधीच सांगितलं. जावईबापूंनी दांडी ठोकली. ती तिरकी लागली म्हणून आत्यानं त्यांना दोनदा काढून पुन्हा ठोकायला लावली.

"एवढ्या जागेत काय ठेवशील ताई?" धाकटीनं विचारलं. तिनं मनातून अजून माघार घेतली नव्हती. "रविवारी तरी माझ्याकडे येशील ना?"

"येईन की. पण जेवायला येईन. आणि संध्याकाळी घरी जाईन," आत्या म्हणाली. 'घरी' म्हणताना तिचा आवाज जरासा अडखळला. धाकटीनं ते ऐकलं आणि पुढे काही न बोलता गादीची चादर ताणून बसवली.

मग आत्यानं पडदा लावला. दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांचा, घाईघाईनं जोडलेला, तीन रंगांचा. सगळ्या घरांना आखीव पडदे शिवणाऱ्या बाईचा स्वतःचा पडदा असा बाजारातल्या तंबूसारखा. तो बाजूला बांधून ठेवायला बंद मात्र नव्हता.

"आत्याआजी, ही पिशवी कुठे ठेवायची?" टिकलीनं निळी पिशवी दोन्ही हातांनी ओढत आणली. ती रिकामी झाली होती. कंगवा आरशाशी गेला होता, पांघरूण गादीवर, चष्म्याचं घर ओट्यावर कुठेतरी, ते आत्याला आठवत नव्हतं.

आत्यानं पिशवी मांडीवर घेतली. पट्टा रुंद होता, दुहेरी कापडाचा, आठ महिने खांद्यावर घासून मऊ झालेला. तिनं कात्री उघडली आणि पट्टा दोन्ही टोकांना कापून टाकला. मग तो पडद्याभोवती गुंडाळून खिडकीच्या कडीला बांधला. बेताचा बसला.

वहिनी दारातून बघत होत्या. "अहो वन्सं, पट्टा कापलात? आता ती पिशवी उचलणार कशी?"

"उचलायची कशाला?" आत्या खेकसली. "कांदे ठेव तिच्यात. आणि परवा भाजीत मीठ नव्हतं, वहिनी. मी बोलले नाही म्हणजे मला कळलं नाही असं समजू नकोस."

"मग तेव्हाच बोलायचं होतं ना!"

"तेव्हा पाहुणी होते. आता बोलतेय."